टपावरचा बोर्ड: कॅम बेल्ट की रॅचेट बेल्ट?

दुकानात दोन्ही एकाच खिळ्याला लटकलेले असतात. दोन्हीचा पट्टा विणलेला, बहुतेकदा २५ मिमी रुंद, आणि दोघांनाही ‘लॅशिंग बेल्ट’ हेच नाव. फरक फक्त बकलात. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलकडे जाऊन नुसता लॅशिंग बेल्ट मागितलात तर बहुधा रॅचेटच हातात पडेल, कारण तिथलं गिऱ्हाईक लोखंड आणि जड पेट्या बांधणारं. गाडीच्या टपावर पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) किंवा विंडसर्फिंगचा (शिडाचा) बोर्ड न्यायचा असेल तर तो परत करा आणि कॅम बकलचा मागा.

कॅम बकलात एक दातेरी जीभ असते, तिच्यामागे स्प्रिंग. पट्ट्याचं मोकळं टोक त्यातून ओवून ओढलं की जीभ मागे सरकते आणि पट्टा पुढे येतो. ओढणं थांबवलं की पट्टा उलटा जाऊ पाहतो आणि दाते त्यात रुततात. वाऱ्याने बोर्ड वर उचलू पाहिला तर पकड आणखी घट्ट होते. ताण मात्र हाताने ओढाल तेवढाच बसतो, त्याहून जास्त बसूच शकत नाही.

रॅचेटमध्ये मधोमध चीर असलेला रूळ, दोन बाजूंना दातेरी चाकं आणि मागेपुढे करायचा दांडा असतो. दांडा १० सेंमी आणि रुळाची त्रिज्या १ सेंमी धरली तर हाताचा जोर दहापट होतो. दांड्यावर १० किलोचा जोर दिला की घर्षणात थोडा वाया जाऊनही पट्ट्यात १०० किलोच्या आसपास ताण येतो. पट्टा बोर्डावरून जाऊन दोन्ही बाजूंना खाली ओढतो, म्हणून बोर्डावरचा दाब त्याच्या जवळपास दुप्पट. दांड्याचा आणखी एक खटका मारताना हाताला काही फारसं जड लागत नाही. कुठे थांबायचं हे हाताला कळतच नाही, आणि बोर्ड तिथेच फुटतात.

बोर्डाच्या आत थर्माकोलच्या जातीचा ईपीएस फोम असतो, वर फायबरग्लास आणि इपॉक्सीचं पातळ कवच. विंडसर्फिंगच्या बऱ्याच बोर्डांत या दोहोंच्या मध्ये पीव्हीसी फोमचा एक थर असतो. पाण्यावर उभं राहिलं की दाब पसरतो. टपावर तो पट्ट्याखालच्या इंचभर जागेत, तोही रेलवर, म्हणजे बोर्डाच्या कडेच्या गोलाईवर येतो. तिथे केसाएवढी चीर पडते आणि ती दिसत नाही. पुढच्या खेपेला खारं पाणी आत झिरपतं, बोर्ड जड होत जातो आणि उन्हात ठेवल्यावर कवच फोमपासून सुटून फुगा येतो. तोवर टपावरचा तो शेवटचा खटका कोणाच्या लक्षात राहिलेला नसतो.

कार्बनच्या मास्टचं, म्हणजे शीड चढवायच्या काठीचं, तर याहून वाईट. ती पोकळ नळी लांबीच्या दिशेने वाकावी म्हणून बनवलेली असते, बाजूने चिमटावी म्हणून नव्हे. रॅचेटखाली एकदा दबली की त्या दिवशी काही होत नाही. वाऱ्यात ताण आला की त्याच जागी मोडते. मास्ट दोन तुकड्यांत सुटते, तेव्हा तिचे तुकडे पिशवीत घालून बोर्डाशेजारी वेगळ्या कॅम बेल्टने बांधा. बोर्डाखाली ठेवू नका. बूम (शीड धरायचा दांडा), फिन (बोर्डाखालचा पर), पॅडल गाडीच्या आत.

“पण हायवेवर उडाला तर?” ही भीती रास्त आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पाम बीच रोडवर ५० किमीला जेवढा जोर असतो, अटल सेतूवर १०० ला त्याच्या चौपट, आणि तिथे उघड्या खाडीवर जवळपास साडेसोळा किमी बाजूचा वारा लागतो तो वेगळाच. तरी १२-१३ किलोच्या बोर्डासाठी पट्टा कमी पडत नाही. लेबलवर दोन आकडे असतात, तुटण्याची मर्यादा आणि कामाची मर्यादा. दुसरा साधारण पहिल्याच्या एकतृतीयांश असतो आणि आपल्याला तोच धरायचा. कामाची मर्यादा २०० किलो असलेले दोन पट्टे एका बोर्डाला पुरतात. उडतात ते बोर्ड बहुधा पट्टा तुटून उडत नाहीत. पट्टा ढिला राहतो, बोर्ड पुढेमागे सरकतो, किंवा आडवे बारच गाडीपासून सुटतात. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांवरच्या रूफ रेल नुसत्या शोभेच्या असतात, वजनासाठी नसतात. म्हणून टपावर किती किलो चालतं हे आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि बार-रॅकचं वजनही त्यात धरा. वेग ७०-८० च्या आतच ठेवा.

बांधायचं कसं? दोन बारमध्ये किमान ७० सेंमी अंतर हवं. बारवर फोमचे पॅड घाला. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी चिरून घातली तरी काम होतं. बोर्ड उलटा ठेवायचा, डेक (उभं राहायची बाजू) खाली आणि नाक पुढे, म्हणजे नाकाचा बाक बॉनेटकडे झुकतो आणि वारा बोर्डाला खालीच दाबतो. फिन आधी काढा. विंडसर्फिंगच्या बोर्डाचे फूटस्ट्रॅप (पाय अडकवायचे पट्टे) बारवर येत असतील तर बोर्ड थोडा पुढेमागे करा. दोन बोर्ड असतील तर रुंद खाली, आणि मध्ये पिशवीत गुंडाळलेलं शीड गादीसारखं.

बोर्डावरून पट्ट्याचं मोकळं टोक टाका, बकलाचं नाही. धातू उडून काचेवर किंवा दुसऱ्या बोर्डावर आपटतो. टोक बारखालून घेऊन पुन्हा वरून इकडच्या बाजूला आणा, इकडच्या बारखालून काढून बकलात ओवा. बकल बोर्डाच्या कडेला टेकू नये, आणि टेकतच असेल तर खाली बकलाचं रबरी कव्हर हवं. पट्टा बोर्डाला लागून असेल तर सपाट, पण बोर्ड आणि बारच्या मधल्या मोकळ्या भागात त्याला एक पीळ द्या. पीळ नसला की सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि गाडीभर घुमल्यासारखा आवाज होतो.

मग दोन्ही हातांनी ओढा, अंगाचं वजन टाकून नव्हे. बोर्ड धरून हलवला की गाडी हलली पाहिजे, बोर्ड बारवर सरकता कामा नये. आणि पट्ट्याखाली कवच दबलेलं दिसलं तर जास्त झालं. उरलेलं टोक बकलाखाली दोन अर्ध्या गाठी मारून अडकवा. बकल घसरलंच तर ती गाठ बोर्ड धरते. तीन-चार किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढून बघा. घोडबंदर रोडचे खड्डे पार करून आल्यावर तर नक्कीच, कारण पॅड दबतात आणि पट्टा सैल पडतो. साडेतीन मीटरहून लांब बोर्डाला पुढून एक दोरी टो-हुकाला, पण नुसती टेकती, ताणून नाही. गाडीच्या बाहेर किती डोकावतं हेही बघा: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) नुसार मर्यादेबाहेर गेलेल्या सामानाला २० हजार रुपये दंड आहे.

कॅम बेल्ट कधी फसतो? बहुतेकदा पट्टा जिभेच्या उलट बाजूने ओवलेला असतो. ओवून झाल्यावर टोकाकडून नव्हे, बोर्डाकडच्या बाजूने जोरात हिसका द्या. एक सेंमीही सरकला तर काढून पुन्हा ओवा. दुसरं, दात्यांत रेती. तिसरं, मूळ पट्टा फाटला म्हणून बदलून टाकलेला पातळ पट्टा, ज्यात दाते रुततच नाहीत.

पट्ट्याचं कापडही बघून घ्या. नायलॉन भिजला की ताणतो. कोरडा असताना ठाण्यात घट्ट बांधलेला पट्टा एका सरीत सैल होतो. पॉलीप्रोपिलीन उन्हात लवकर कुजतं. पॉलिएस्टर दोन्हीत टिकतो.

हवेच्या पॅडलबोर्डाचं गणित वेगळं. १५ पीएसआय भरून ३० अंशाला बांधला आणि उन्हात ५५ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब १७ च्या वर जातो. पट्टा तेवढाच राहिला म्हणजे पकड वाढते, आणि शिवणीवर ताण येतो. थंड पाऊस लागला की उलट होऊन पट्टा सैल. म्हणून तो हवा काढून डिकीतच न्यावा. फुगवून न्यायचाच असेल तर १० च्या आसपास. विंडसर्फिंगच्या बोर्डाला व्हेंट स्क्रू (आतली हवा सोडायचा स्क्रू) असेल तर पवना धरणावर जाताना, घाट चढण्याआधी तो सैल करा. वर हवेचा दाब कमी असतो आणि आतली हवा कवच फुगवते. पाण्यात उतरण्याआधी मात्र तो न चुकता घट्ट करा.

रॅचेट फेकून देऊ नका. टेम्पोत बोर्ड लाकडी चौकटीत घालून न्यायचे असतील तर चौकट टेम्पोला रॅचेटनेच बांधा. लाकूड तो ताण सोसतं. रुळावर दोन-तीन वेढे पुरेत. जास्त झाले की पट्टा अडकतो आणि उतरवताना कापावा लागतो. टपावर रॅचेटचा हुक वापरण्यात आणखी एक धोका: पट्टा सैल पडला की खड्ड्यात हुक बारवरून सुटून जातो. कॅम बेल्ट बारभोवती वळसा घालून बसलेला असतो, त्यामुळे सैल झाला तरी लगेच सुटत नाही.

खाडीवरून आल्यावर दोन्ही बकलं गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून जीभ दहा-बारा वेळा दाबा, म्हणजे स्प्रिंगमागचं मीठ सुटतं. सावलीत वाळवा. जीभ दाबल्यावर स्वतःहून परत येत नसेल तर तो बेल्ट बदला.