तुमच्या आवडत्या गाण्याचा वॉल्ट्झ: काम सोपवण्याआधी एवढं वाचा

जोडीने वॉल्ट्झ नाचायचा तर तीन मात्रांचं संगीत लागतं, आणि ज्या गाण्यांवर आपला जीव असतो ती बहुतेक चार मात्रांची असतात. आमच्या छोट्या स्टुडिओचं काम या दोहोंच्या मधलं आहे. लोकप्रिय गाणी, चित्रपटांचं पार्श्वसंगीत, मालिकांच्या धून, सगळ्यांचे आम्ही नाचता येतील असे वॉल्ट्झ करून देतो. ते कसे होतात आणि कुठलं गाणं या कामाला चांगलं, हे आधी कळलं तर तुमची निवडही सोपी होते.

गाण्याखाली तीनचा ठेका लावला की झाला वॉल्ट्झ, असं पुष्कळांना वाटतं. तसे ट्रॅक खुर्चीत बसून ऐकायला छान लागतात. नाचायला उभं राहिलं की तिसऱ्या-चौथ्या गिरकीला पाय कुठे टाकायचा ते कळेनासं होतं. आमच्या लेखी कसोटी एकच: गाणं पहिल्या ओळीत ओळखू यावं आणि नवशिक्या जोडीलाही पहिली मात्रा शोधावी लागू नये.

दादरा येत असेल तर

दादऱ्यावर कधी टाळी धरली असेल तर वॉल्ट्झ तुम्हाला निम्मा समजलेलाच आहे. धा धी ना, धा ती ना: तीन-तीनचे दोन भाग, सहा मात्रा. गोल फिरणाऱ्या वॉल्ट्झमध्ये जोडीची एक पूर्ण गिरकी बरोबर सहा पावलांत होते, पहिल्या तीनची सुरुवात एका पायाने आणि पुढच्या तीनची दुसऱ्या पायाने. म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन ती एक गिरकी. फरक आहे तो वजनाचा. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली असते, म्हणजे ती मात्रा हलकी, बिनवजनाची असते. वॉल्ट्झमध्ये मात्र चौथी मात्रा पहिलीइतकीच भरीव हवी, कारण तिथे दुसऱ्या पायाला जमीन हवी असते. म्हणून दादऱ्यातलं गाणं आलं तर आम्ही चाल तशीच ठेवतो आणि चौथीखाली बेसचा खर्ज घालतो. अशी गाणी आमच्याकडे सगळ्यात लवकर तयार होतात.

चाराचे तीन कसे होतात

आधी वेग. स्पर्धेतला संथ वॉल्ट्झ मिनिटाला ८४ ते ९० मात्रांचा असतो, व्हिएनीज वॉल्ट्झ १७४ ते १८० मात्रांचा. हौसेने नाचणाऱ्यांत क्रॉस-स्टेप वॉल्ट्झ आवडीचा आहे, तो ११० ते १२० च्या आसपास सुखाचा वाटतो. तुम्हाला कुठला नाचायचा आहे ते आधी सांगा. तेच गाणं यांतल्या एका वॉल्ट्झला चपखल बसतं आणि दुसऱ्याला मुळीच बसत नाही.

चारांतली चौथी मात्रा कापून टाकणं हा सगळ्यात सरळ मार्ग. वेग तोच राहतो, चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटांचं होतं. अडचण अशी की गाण्याची उठावण पुष्कळदा त्या चौथ्या मात्रेवरच असते. गायक तिथे श्वास घेऊन पुढच्या समेकडे निघतो, आणि नेमकं तेच कापलं तर प्रत्येक ओळ दारात ठेचकाळल्यासारखी ऐकू येते. शब्द नसलेल्या, सुटसुटीत धूनलाच आम्ही ही कात्री लावतो. उलट मार्गही आहे: चारात दोन मात्रा भरून सहा करायच्या. त्याने गाणं दीडपट लांबतं. ओळींमध्ये मोकळी जागा असलेल्या संथ गाण्यांना ते शोभतं, बाकीची रेंगाळतात.

आमचा आवडता मार्ग ताणण्याचा. मूळच्या दोन मात्रांच्या जागेत तीन बसवायच्या. मिनिटाला १२० मात्रांचं गाणं घेऊ. त्यात दोन मात्रांना एक सेकंद लागतो. त्या सेकंदाचे तीन वाटे केले की पहिली मूळ मात्रा दोन वाटे घेते, म्हणजे ०.५ सेकंदाऐवजी ०.६७, आणि दुसरी ०.३३ सेकंदात आटोपते. लांब-आखूड, लांब-आखूड असा झोका तयार होतो. गाण्याची एकूण लांबी जशीच्या तशी राहते आणि मात्रा मिळतात १८०, थेट व्हिएनीजच्या वेगाच्या. हिशोब सोपा आहे, मूळ वेगाची दीडपट. ७६ चं गाणं ११४ ला येतं, ते क्रॉस-स्टेपला उत्तम. ५८ चं गाणं ८७ ला, म्हणजे संथ वॉल्ट्झ. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना यात आडलय, म्हणजे दीडपट लय, दिसेल, आणि ते खरंच आहे.

हिशोब सोपा असला तरी खरी मेहनत यानंतरच असते. आवाज ताणला की स्वर छान लांबतात, व्यंजनं मात्र फिसकटतात: ‘त’ चा ‘थ’ ऐकू येतो, ‘स’ सळसळतो. म्हणून गायकाचा आवाज आम्ही वाद्यांपासून वेगळा काढतो, व्यंजनं मूळ लांबीची ठेवतो आणि ताण फक्त स्वरांवर देतो. ओळ न ओळ हाताने करावी लागते, आणि या कामात घाई केलेली लगेच कानाला कळते. ड्रमची गोष्ट आणखी वेगळी. चार मात्रांच्या गाण्यात स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो. ताणल्यावर तो नेमका वॉल्ट्झच्या तिसऱ्या मात्रेवर येऊन पडतो, आणि नाचणाऱ्याला वाटतं की पहिली मात्रा हीच. पाय चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हे. मूळ ड्रम आम्ही काढूनच टाकतो आणि नवा ठेका भरतो: पहिलीला खर्ज, दुसरी-तिसरीला हलके स्वर. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी घेतात, त्याने गिरकीला एक ओढ येते. मागितलीत तर तीही घालून देऊ, पण नवशिक्यांच्या कार्यक्रमासाठी नको, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

पार्श्वसंगीत

ही मागणी वाढते आहे आणि आम्हाला ती मनापासून आवडते. रंगमंचावरचे सूर नाचघरात आणणं ही वॉल्ट्झची जुनी रीतच आहे. व्हिएन्नाचा संगीतकार धाकटा योहान श्ट्राउस याने १८८० साली स्वतःच्याच एका ऑपेरेटातल्या, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकातल्या, चाली घेऊन ‘दक्षिणेचे गुलाब’ हा वॉल्ट्झ बांधला. आज तो ऑपेरेटा फारसा कोणी ऐकत नाही, वॉल्ट्झ मात्र सगळीकडे वाजतो.

मात्र पार्श्वसंगीत पडद्यावरच्या हालचालीला जुळवून रचलेलं असतं. दार उघडायला अर्धा क्षण जास्त लागतो म्हणून मध्येच एखादी मात्रा वाढलेली असते, पात्र थबकतं म्हणून लय थबकते. पडद्यापुढे बसलेल्याला ते जाणवतही नाही, नाचणाऱ्याला लगेच जाणवतं. म्हणून आधी पूर्ण तुकड्याची लय मोजून काढतो, आगंतुक मात्रा सांधतो आणि संगीताची वाक्यं तीन मात्रांच्या आठ-आठ गटांची करतो, म्हणजे जोडीला वळण कधी येणार याचा अंदाज राहतो. आवाजाची पातळीही सावरावी लागते. चित्रपटगृहात कुजबुजणारं व्हायोलिन वीस जोड्यांच्या पावलांखाली बुडून जातं. हळुवार भाग आम्ही उचलतो, पण सगळं एकाच पातळीवर सपाट करत नाही. तो चढउतारच तर त्या संगीताचा जीव असतो.

कुठलं गाणं निवडावं

लांब स्वरांची, ठसठशीत चालीची गाणी उत्तम. शब्दांची दाटी असलेली, रॅपसारखी गाणी आम्ही सहसा नाकारतो. आखूड झालेल्या मात्रेत अक्षरं एकमेकांवर चढतात आणि गाण्याचा चेहरा जातो. पैसे घेऊन असं काम हातात द्यायला आम्हाला आवडत नाही. शंका असेल तर स्वतः करून बघा: गाणं गुणगुणत जागेवर एक-दोन-तीन मोजा. चाल आपोआप लांब-आखूड झुलायला लागली तर ते गाणं आमच्याकडे पाठवा.

पाठवताना शक्य तितकी चांगली फाइल द्या, दाबून लहान केलेली नको. ताणल्यावर तिच्यातली खरखर दुप्पट जाणवते. तयार ट्रॅकला सुरुवातीला आम्ही आठ गटांची ओळख ठेवतो, जोड्यांना हात धरून उभं राहायला तेवढा वेळ पुरतो. लांबी तीन ते साडेतीन मिनिटं ठेवणं बरं, व्हिएनीजच्या वेगाला याहून जास्त म्हणजे दमछाक.

हक्कांबद्दलही बोलायला हवं. गाणं विकत घेतलं म्हणजे ते ऐकण्याची मुभा मिळाली, बदलण्याची नव्हे. रिमिक्स हे रूपांतर आहे आणि त्याची परवानगी हक्कधारकांकडून घ्यावी लागते. सभागृहाकडे संगीत वाजवण्याचा परवाना असला तरी तो वेगळा. परवानगीचं पत्र हाती आल्यावरच आम्ही कामाला हात लावतो.

पूर्ण ट्रॅकच्या आधी एका मिनिटाचा नमुना येईल. तो बसून ऐकू नका. नाचायचे बूट घाला, जोडीदाराला घ्या आणि जमिनीवर चार वेळा नाचून बघा, त्यातली एक वेळ कधीच वॉल्ट्झ न नाचलेल्या माणसाबरोबर. पाय अडखळला ती जागा मिनिट-सेकंदासह लिहून कळवा.