पीकिंगवर किती भरवसा ठेवायचा?

घरात जुनी मॅन्युअल लेन्स पडून असेल आणि कोकणच्या पावसाळ्यात तिला बुरशी लागली नसेल (म्हणजे नशीबच), तर अडॅप्टर लावून ती मिररलेस कॅमेऱ्यावर मस्त चालते. प्रश्न फक्त फोकसचा, रिंग हातानेच फिरवायची आणि शार्प नेमकं कुठे झालं ते डोळ्यानेच ठरवायचं. त्यात मदतीला कॅमेऱ्यात पीकिंग असतं, म्हणजे शार्प कडांवर रंगीत रेघ मारून दाखवायची सोय.

फिल्मच्या एसएलआरमधे (आरशातून लेन्समधलंच चित्र दाखवणारा कॅमेरा) व्ह्यूफाइंडरच्या मधोमध बहुतेकदा स्प्लिट प्रिझम असायचा, म्हणजे उलटसुलट उताराच्या काचेच्या दोन छोट्या पाचरी. फोकस चुकला की होडीची डोलकाठी मधेच तुटलेली दिसते, रिंग फिरवत तुकडे जुळले की झालं. उभी रेघ मिळाली तर इतकी झटपट पद्धत दुसरी नाही असं माझं मत. पण एफ/५.६ किंवा त्याहून काळोखी लेन्स लावली की प्रिझमचा अर्धा भाग काळा पडतो. पुढे ऑटोफोकस आला, डीएसएलआरचे स्क्रीन उजळ केले, त्या नादात एफ/१.४ची लेन्स लावली तरी डोळ्याला डेप्थ (पुढेमागे किती अंतर शार्प राहतं ते) साधारण एफ/२.८एवढीच दिसायला लागली, सगळं शार्प वाटतं आणि घरी येऊन बघावं तर डोळ्यांऐवजी कान शार्प.

मिररलेसच्या ईव्हीएफमधे (इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, डोळ्याला लावायचा छोटा स्क्रीन) थेट सेन्सरवरचंच चित्र दिसतं त्यामुळे ही भानगड नाही, आणि अ‍ॅपर्चर बारीक केलं तरी तो उजेड वाढवून दाखवतो. मग गडबड कुठे? सेन्सर असतो २.४ कोटी पिक्सेलचा आणि जाहिरातीतला ३६.९ लाख डॉट्सचा ईव्हीएफ म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगळे मोजून, खरे पिक्सेल १२ लाखांच्या आसपास. बाकीचे बारकावे दिसणार कसे?

म्हणून पीकिंग देतात. कॅमेरा जिथे कॉन्ट्रास्टची कडा सापडेल तिथे लाल-पिवळी रेघ मारतो. त्याला फोकस कळत नाही, कडा कळतात. दुपारी मालवणच्या किनाऱ्यावर समोर होडी ठेवून बघा, मागचं पाणी चमकत असतं आणि आऊट ऑफ फोकस झालेल्या चमकीच्या गोल ठिपक्यांनाही धारदार कडा असतात, सगळा समुद्रच लाल होतो! ५० एमएमला एफ/१.४वर १ मीटर अंतरावरून फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) डेप्थ मिळते जेमतेम ३ सेंमी, त्यात जाडी रेघ काय कामाची. पीकिंगने अंदाज घ्यायचा, मग मॅग्निफाय करून, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग मोठा करून, नेमकं जुळवायचं, आणि पुढेमागे डोलायचं नाही.

पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत माणसं किनाऱ्यावर सरकत असतात तेव्हा मॅग्निफाय करायला वेळ कुठे, फ्रेमच हातची जाते. तिथे जुनीच युक्ती, ३५ एमएम, एफ/८, रिंग ५ मीटरवर, अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं आणि रिंगला हातही लावावा लागत नाही.