लहान कंपनीचे की बाहेरगावचे? बीटीएसच्या दोन शेजारच्या गाण्यांबद्दल

नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण कोरियाच्या बीटीएस या पॉप गटाचा जो मिनी-अल्बम आला, त्यात 'मा सिटी' आणि 'बॅप्से' ही गाणी लागोपाठ येतात. दोन्ही ठसक्यात म्हटलेली, दोन्हींत 'आम्हाला कमी लेखू नका' हा सूर. त्यामुळे आपल्याकडचे चाहते दोन्हींचा अर्थ एकच लावतात: लहान गावांतली पोरं, लहान कंपनी, मोठं यश. मीही बरीच वर्षं असंच ऐकत होते. पण एक गाणं गावाचं आहे आणि दुसरं ऐपतीचं. या दोन गोष्टी एक मानल्या की दोन्ही गाण्यांतला जीव निघून जातो.

आधी 'बॅप्से'. बॅप्से म्हणजे आखूड पायांचा एक चिमुकला पक्षी. करकोच्याच्या मागे चालायला गेला तर याच्या तंगड्या फाटतात, अशी कोरियन म्हण आहे. आपली 'लांबासंगे आखूड जाई, मरे नाही पण आजारी होई' जवळजवळ तीच. गाण्यात राग आहे तो आधीच्या पिढीवर: मेहनत करा म्हणून सांगणाऱ्यांवर, आणि 'तुला आवड आहे ना?' म्हणत कमी पैशांत राबवून घेणाऱ्यांवर. कोरियात श्रीमंताघरच्याला 'सोन्याचा चमचा' म्हणतात आणि गरिबाघरच्याला 'हुकसुजो', म्हणजे मातीचा चमचा. पुढे हाच शब्द लहान कंपन्यांच्या गटांनाही चिकटला. एसएम, वायजी आणि जेवायपी या तीन बड्या कंपन्यांच्या बाहेर जन्मलेला गट तो मातीच्या चमच्याचा. २०१३ मध्ये बिग हिट या लहान कंपनीतून आलेला बीटीएस तसाच होता.

या ओळखीला गावाशी देणंघेणं नसतं. लहान कंपनीतल्या ब्रेव्ह गर्ल्स या मुलींच्या गटाचं 'रोलिन' हे २०१७ चं गाणं. लष्करी तळांवरच्या त्यांच्या कार्यक्रमांचा व्हिडिओ पसरला आणि २०२१ मध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. तोवर गट मोडण्याच्या बेतात होता. ती हकिकत ऐकताना कुठली मुलगी कोणत्या गावची, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

उलट बाजूही बघा. तोहोशिनकी म्हणूनही ओळखल्या जाणाऱ्या टीव्हीएक्सक्यू गटाचा युन्हो राजधानी सोलपासून दूरच्या ग्वांगजू शहराचा, पण २००३ मध्ये तो आला एसएमसारख्या बलाढ्य कंपनीतून. 'मिस ए' गटाची सूझीही ग्वांगजूचीच, आणि तिची तेव्हाची कंपनी जेवायपी. बाहेरगावची माणसं, पण धंद्याच्या हिशेबात दुबळी मुळीच नाहीत.

आता 'मा सिटी'. यात प्रत्येक जण आपापल्या शहराचं गाणं गातो. आरएम इल्सानचं, जिमिन आणि जंगकुक बुसानचं, शुगा देगूचं, जे-होप ग्वांगजूचं. वरवर पाहता 'सोलबाहेरचे' हा एकच गट वाटतो. देशाची निम्म्याहून अधिक वस्ती सोल आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात एकवटली आहे, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण इल्सान सोलच्या उंबरठ्यावरच वसलेलं आहे. आणि देगू व ग्वांगजू यांच्यात तर अख्खा इतिहास आडवा येतो.

देगू आणि बुसान आग्नेयेकडच्या ग्योंगसांग प्रांतातले. हुकूमशहा पार्क चुंग-ही तिथलाच, त्याच्यानंतर सत्ता बळकावणारा चुन दू-ह्वानही तिथलाच. पोहांगचं पोलाद, उल्सानच्या मोटारी आणि जहाजं, गुमीची इलेक्ट्रॉनिक्स, हे सगळं याच बाजूला उभं राहिलं. सोल-बुसान द्रुतगती महामार्ग १९७० मध्येच पूर्ण झाला. नैऋत्येकडचा जोल्ला प्रांत मागे राहिला, आणि तिथल्या लोकांबद्दलचे हलके शेरे सोलमध्येही टिकून राहिले. १८ मे १९८० ला ग्वांगजूमध्ये लोक लष्करी राजवटीविरुद्ध उठले तेव्हा त्यांच्यावर छत्रीधारी सैनिक सोडले गेले. तो उठाव २७ मेपर्यंत चालला.

म्हणून 'मा सिटी'मधली जे-होपची ओळ नुसती गावाची आठवण म्हणून ऐकू नये. तो म्हणतो, सात वाजता जमा, आणि ०६२-५१८ फिरवा. ०६२ हा ग्वांगजूचा दूरध्वनी कोड, ५१८ म्हणजे पाचव्या महिन्याची अठरा तारीख. आणि सात? देशाचा नकाशा घड्याळ मानला तर तासकाटा सातवर असताना जिकडे बोट दाखवतो तिकडे जोल्ला येतो. इंटरनेटवर काही जण 'सात वाजता' हा शब्द जोल्लावाल्यांना हिणवायला वापरत. जे-होपने तोच शब्द उचलून आमंत्रणाचा केला. मला वाटतं, अख्ख्या के-पॉपमध्ये इतक्या कमी शब्दांत इतकं ठामपणे कुणी फार क्वचित बोललं असेल.

दोन वर्षं आधी, २०१३ मध्ये, त्यांचं 'पाल्दोगांगसान' आलं होतं. त्यात ग्योंगसांग आणि जोल्ला या दोन बोली एकमेकींशी भांडतात आणि शेवटी दोन्ही कोरियनच ठरतात. गाणं हसतखेळत जातं. पण आयडॉलला, म्हणजे के-पॉप कलाकाराला, मुलाखतीपुरती का होईना प्रमाण भाषा घोटून घ्यावी लागते, तिथे रेकॉर्डवर दोन्ही बोली सरळ वाजवणं ही लहान गोष्ट नव्हती. आपली बोली वर्गात बोलून हसू झालेल्या कुणालाही ते कळेल.

दोन ओळखींमधला सगळ्यात मोठा फरक काळ दाखवतो. मातीचा चमचा बदलू शकतो. बिग हिट २०२० मध्ये शेअर बाजारात आली, २०२१ मध्ये तिचं नाव हाइब झालं, आणि आज ती त्या तीन जुन्या कंपन्यांहून मोठी आहे. 'बॅप्से' आज ऐकताना गाणाऱ्यांची तेव्हाची परिस्थिती आठवून ऐकावं लागतं. गावाचं तसं होत नाही. शुगा एकट्याने गातो तेव्हा 'ऑगस्ट डी' हे नाव घेतो. त्याची इंग्रजी अक्षरं (Agust D) उलटी वाचली की 'डीटी शुगा' होतं, आणि डीटी म्हणजे देगू टाउन. हे नाव त्याने २०१६ च्या मिक्सटेपवर घातलं. २०२३ मध्ये 'डी-डे' अल्बम आला तोवर कंपनी कुठल्या कुठे पोहोचली होती, आणि मुखपृष्ठावरच्या त्या नावात देगू तसंच होतं.