फोर्स्ड सबटायटल आणि पूर्ण सबटायटल: इंग्रजी सिनेमात फ्रेंच आलं की होणारा घोळ

‘इन्ग्लोरियस बास्टर्ड्‌स’ (२००९) सुरू होतो तो १९४१ सालच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये. हान्स लांडा हा नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी एका शेतकऱ्याच्या घरी येतो आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागतो. थोड्या वेळाने म्हणतो, माझं फ्रेंच इथवरच, आता इंग्रजीत बोलूया का? बघणाऱ्याला वाटतं, झालं, हॉलिवूडने आपली सोय बघितली. पण जमिनीच्या फळ्यांखाली लपलेल्या ज्यू कुटुंबाला इंग्रजी कळत नाही, हे लांडाने ताडलेलं असतं. काम होताच तो परत फ्रेंचवर येतो, निघाल्याचं नाटक करतो आणि सैनिकांना आत घेतो.

हा प्रसंग फोर्स्ड सबटायटलवर, म्हणजे फक्त परक्या भाषेतल्या वाक्यांपुरत्या दिसणाऱ्या सबटायटलवर बघितला, तर फ्रेंच चालू असेपर्यंत खाली अक्षरं दिसतात, इंग्रजी सुरू झालं की गायब होतात आणि शेवटी पुन्हा उगवतात. इथे काहीतरी शिजतंय, हे त्या येण्याजाण्यातूनच कळतं. पूर्ण इंग्रजी सबटायटलवर मात्र अक्षरं अखंड चालू राहतात. कान तयार नसेल आणि डोळे खालीच खिळलेले असतील, तर भाषा कधी बदलली ते लक्षातही येत नाही. म्हणजे फोर्स्ड ट्रॅक (सबटायटलचा संच) हा पूर्ण ट्रॅकचा नुसता तोकडा भाऊ नव्हे. ‘हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतोय’ एवढंच तो बोलतो आणि एरवी गप्प बसतो.

फोर्स्ड ट्रॅकमध्ये दोनच गोष्टी असतात: मुख्य ऑडिओहून वेगळ्या भाषेतली, प्रेक्षकाला कळायलाच हवीत अशी वाक्यं, आणि पडद्यावरचा महत्त्वाचा मजकूर, म्हणजे पाटी, चिठ्ठी, वर्तमानपत्राचा मथळा वगैरे. पूर्ण ट्रॅकमध्ये प्रत्येक संवाद असतो. एसडीएच ही त्याचीच बहिऱ्या प्रेक्षकांसाठीची आवृत्ती. तिच्यात दार वाजलं, गोळी सुटली, कोण बोललं हेही लिहिलेलं असतं. दोन तासांच्या बोलक्या सिनेमाच्या पूर्ण फाइलमध्ये हजार-दीड हजार नोंदी सहज असतात. फोर्स्डमध्ये कधी चार, कधी चारशे. ‘शोकोला’ (२०००) फ्रान्समधल्या गावात घडतो, पण तिथे सगळे आपसांत इंग्रजीच बोलतात, त्यामुळे फोर्स्डला फारसं कामच उरत नाही. उलट ‘द लाँगेस्ट डे’ (१९६२) या युद्धपटात फ्रेंच माणसं फ्रेंच बोलतात आणि जर्मन माणसं जर्मन. तिथे फोर्स्ड ट्रॅक हरवला तर निम्मी लढाई डोक्यावरून जाते.

तो हरवतो कसा? थिएटरच्या प्रिंटवर ही अक्षरं बहुतेक वेळा चित्रातच छापलेली असतात. स्ट्रीमिंगला मात्र कोरं चित्र देतात आणि अक्षरं वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात, कारण हिंदी, तमिळ, जर्मन अशा प्रत्येक प्रेक्षकाला ती आपापल्या भाषेत हवी असतात. ती फाइल जोडायची राहिली, तिच्यावरची ‘ही फोर्स्ड आहे’ अशी खूण पुसली गेली किंवा प्लेअरने खूण वाचलीच नाही, की फ्रेंच वाक्यं कोरडी जातात. दिग्दर्शकालाच तसं हवं असेल, असं समजून प्रेक्षक गप्प बसतो.

कधीकधी ते खरंही असतं. ‘कासाब्लांका’ (१९४२) मध्ये जर्मन अधिकाऱ्यांचं गाणं बुडवून टाकत सगळा कॅफे मार्सेयेज हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गातो. तिथे शब्दार्थ कळायची गरजच नाही. मग मुद्दाम सोडलेलं कुठलं आणि हरवलेलं कुठलं, हे कसं ओळखायचं? त्या जागी साधा पूर्ण ट्रॅक लावून बघा. त्यात भाषांतर दिसलं, तर फोर्स्ड बहुधा गळलेला आहे. ही तपासणी एसडीएचवर करू नका. अक्षरं चित्रातच छापलेली आहेत असं धरून एसडीएच करणारे पुष्कळदा तिथे नुसतं ‘फ्रेंचमध्ये बोलतो’ असं लिहून मोकळे होतात. कोऱ्या चित्रावर असा ट्रॅक लावला की भाषांतर कुठेच उरत नाही, आणि छापील अक्षरांच्या चित्रावर लावला की ही ओळ नेमकी भाषांतरावर जाऊन बसते. हा शेवटचा त्रास असेल, तर प्लेअरमध्ये सबटायटलची जागा वर सरकवा.

आपल्या फाइलसाठी फोर्स्ड ट्रॅक स्वतः करणं अवघड नाही. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये पूर्ण सबटायटलची एसआरटी फाइल उघडा, फ्रेंच वाक्यांच्या नोंदी ठेवा, बाकीच्या उडवा, क्रमांक नव्याने लावा आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह करा. मराठी भाषांतर करत असाल तर हे विसरू नकाच, जुन्या एएनएसआय पद्धतीत देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. प्लेक्स या घरच्या फाइल बघायच्या ॲपसाठी फाइलच्या नावात सिनेमाच्या नावानंतर भाषेचा कोड आणि मग ‘फोर्स्ड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये टिंबं देऊन लिहावा लागतो. सिनेमाच्या एमकेव्ही फाइलमध्येच घालणार असाल तर एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅममध्ये ट्रॅकची भाषा निवडून फोर्स्डची खूण ‘होय’ करा.

तिथेच शेजारी ‘डिफॉल्ट’ची खूण असते, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. डिफॉल्ट म्हणजे प्रेक्षकाने काही निवडलं नसेल तर हा ट्रॅक घे. फोर्स्ड म्हणजे सबटायटल बंद असली तरी एवढं दाखव. पूर्ण ट्रॅकवर चुकून फोर्स्ड लावलं, की अक्षरं बंद करता करता नाकी नऊ येतात.

दुसरी अडचण वेळेची. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि एसआरटी २५ फ्रेमच्या युरोपीय आवृत्तीवरून केलेली असेल, तर अक्षरं हळूहळू आधी यायला लागतात. एका तासाला साधारण अडीच मिनिटं. पूर्ण ट्रॅकवर हे दहा मिनिटांत कळतं. फोर्स्डवर मध्ये अर्धा तास काहीच नसतं, आणि अचानक एखाद्या इंग्रजी संभाषणाखाली भलतंच वाक्य झळकतं. विंडोजवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच या बटणांनी अक्षरं ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे होतात, पण वाढत जाणाऱ्या फरकाला त्याचा उपयोग नाही. त्यासाठी सबटायटल एडिटमधूनच फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ करावा लागतो.

आणि हिंदी डब बघणार असाल, तर फोर्स्ड ट्रॅक ऑडिओच्या जोडीचा हवा. डबमध्ये फ्रेंच तशीच ठेवली असेल तर हिंदी फोर्स्ड लागतो. फ्रेंचही हिंदीत बोलली असेल तर संवादांपुरतं त्याचं काम संपतं. पण मग लांडा भाषा कशासाठी बदलतोय, ते कळायला मार्ग राहत नाही.

फाइल तयार झाली की सिनेमातलं पहिलं आणि शेवटचं फ्रेंच वाक्य लावून बघा. ती दोन्ही वेळेवर आली तर मधली सहसा बरोबरच असतात.