स्ट्रीमलाइन आणि पाथलाइन: एक क्षणाची, दुसरी प्रवासाची

पॅराव्ह्यू या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रवाहाच्या संगणकीय गणिताचे निकाल उघडून 'स्ट्रीम ट्रेसर' हे रेषा काढणारं साधन लावलं की त्रिमितीत वळणदार रेषा उमटतात आणि आपण सहज म्हणून जातो, 'पाणी इथून असं गेलं.' प्रवाह स्थिर असेल तर ते खरंच असतं. पण तो काळानुसार बदलत असेल, तर त्या रेषेवरून एकही कण गेलेला नसेल, असंही होऊ शकतं.

स्ट्रीमलाइन काढताना घड्याळ थांबलेलं असतं. त्या क्षणीचा वेग जिकडे, तिकडे रेषा वळते. पाथलाइनमध्ये एक कण सोडतात आणि काळ पुढे सरकत असताना तो कुठे कुठे गेला याची नोंद ठेवतात.

फरक किती मोठा असू शकतो ते पाहा. समजा, सगळीकडे वेग सारखाच, सेकंदाला 1 मीटर, पण त्याची दिशा 6.28 सेकंदांत एक पूर्ण फेरा घेते. कुठल्याही क्षणी स्ट्रीमलाइन काढा, सरळ समांतर रेषाच मिळतील. कण मात्र 1 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. यात सेकंदाला 0.2 मीटरचा ऊर्ध्व वेग मिळवला, तरी स्ट्रीमलाइन सरळच राहतात, फक्त तिरक्या होतात. पाथलाइन मात्र मळसूत्रासारखी, दर फेऱ्याला सुमारे 1.26 मीटर वर चढते. वेगाचं क्षेत्र तेच आणि चित्रं अशी दोन!

पाथलाइनची किंमत डिस्कवर मोजावी लागते, कारण तिला अनेक क्षणांचा डेटा लागतो. 0.1 मीटर व्यासाच्या दंडगोलावरून सेकंदाला 1 मीटरने हवा वाहत असेल, तर स्ट्राउहाल अंक (भोवऱ्यांची वारंवारता गुणिले व्यास, भागिले वेग) साधारण 0.2 धरून मागचे भोवरे सेकंदाला 2 आवर्तनं करतात, म्हणजे एक आवर्तन 0.5 सेकंदाचं. दर 0.25 सेकंदाला फाइल साठवली, तर आवर्तनात दोनच क्षण हाती लागतात. मधला वेग सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि पाथलाइन गुळगुळीत दिसूनही चुकते. मी अशा वेळी आवर्तनात निदान 20 नोंदी तरी ठेवेन.

छेदपातळीवर, म्हणजे त्रिमितीतल्या प्रवाहाच्या सपाट कापावर, काढलेल्या रेषांवर तर फारच जपून विश्वास ठेवावा. पातळीला लंब असलेला वेग टाकून दिला की रेषा एका बिंदूत गोल गोल शिरताना दिसतात, जणू द्रव तिथे नाहीसा होतोय. प्रत्यक्षात तो पातळी ओलांडून बाहेर पडत असतो.

द्रव टाकीत किती वेळ राहतो, प्रदूषक कुठे पोहोचतो, अशा प्रश्नांना पाथलाइनच लागते. या क्षणी प्रवाह पृष्ठभागापासून कुठे सुटलाय हे पाहायला स्ट्रीमलाइन पुरते. प्रयोगशाळेतला फोटो शेजारी ठेवायचा असेल, तर या दोन्ही रेषा वापरू नका. एका ठिकाणाहून सतत सोडलेला रंग किंवा धूर स्ट्रीकलाइन दाखवतो, म्हणजे त्या बिंदूतून आधी गेलेले सगळे कण आत्ता जिथे आहेत ती रेषा. अस्थिर प्रवाहात त्या फोटोशी तुलना स्ट्रीकलाइनचीच करायची.