विमानात कार सीट न्यायचीये? आधी बेल्ट कुठून जातो ते बघा

अमेरिकेतून बाळाला घेऊन पहिल्यांदा पुण्या-मुंबईला निघायचं ठरलं की तिकिटं बघतानाच घरात हा विषय निघतो, की दोन वर्षांखालचं मूल मांडीवर थोडक्या पैशात जातंय तर त्याला वेगळी सीट कशाला, आणि घेतलीच तर ती अवजड कार सीट विमानात नेऊन करायचं काय. माझं मत स्पष्ट आहे, पैशांचं जमत असेल तर सीट घ्याच आणि कार सीट केबिनमध्ये न्याच. पण कुठलीही कार सीट चालत नाही. गाडीत उत्तम असलेल्या काही सीट्स विमानात बसतच नाहीत, आणि त्याचं कारण ब्रँडमध्ये किंवा किमतीत नसून बेल्टमध्ये आहे.

पण आधी मांडीचं बघू, कारण "मी घट्ट धरते ना" हे वाक्य मी फार ऐकलंय आणि त्यामागची माया खरी असली तरी गणित बरोबर नाही.

२१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला जाणारी सिंगापूर एअरलाइन्सची फ्लाइट ३२१ म्यानमारच्या आकाशात जोरदार टर्ब्युलन्समध्ये सापडली, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि कितीतरी जण जखमी झाले. नंतर रेकॉर्डरमधून आकडे बाहेर आले ते असे, की विमानातला उभा जोर ०.६ सेकंदात +१.३५ जी वरून −१.५ जी वर गेला. आता जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. जमिनीवर आपण कायम +१ जी मध्ये असतो. शून्य झालं की तरंगायला लागतो, आणि −१.५ म्हणजे आपल्या दीडपट वजनाने कुणीतरी छताकडे ओढतंय. दहा किलोचं बाळ असेल तर त्याला मांडीवर ठेवायला खालच्या दिशेने पंधरा किलोचा जोर लावायला हवा, तोही अर्ध्या सेकंदात, झोपेतून दचकून उठून, आणि त्याच क्षणी आपण स्वतः बेल्टला लटकलेले असताना. बेल्ट न लावलेले लोक छतावर आपटले ते याच वेळात. पुढच्या चार सेकंदांत जोर परत +१.५ वर आला, म्हणजे जे वर गेले होते ते धाडकन खाली पडले. आणि एवढ्या सगळ्यात विमानाची उंची कमी झाली ती फक्त १७८ फूट! हजारो फूट कोसळावं लागत नाही.

ही झाली टर्ब्युलन्सची गोष्ट, जी त्यातल्या त्यात नेहमीची आहे. अपघातात आकडे वेगळेच असतात. आजच्या प्रवासी विमानांच्या सीट्स पुढच्या दिशेने १६ जीच्या धक्क्याला टेस्ट केलेल्या असतात, म्हणजे एवढा धक्का बसला तरी सीट उखडू नये आणि बेल्ट लावलेला मोठा माणूस वाचावा अशी अपेक्षा असते. त्याच धक्क्यात दहा किलोचं बाळ क्षणभर १६० किलोचं होतं. जगातला कुठलाही पैलवान ते हातात धरू शकत नाही. मांडीवरचं मूल त्या सगळ्या डिझाइनच्या बाहेर राहतं, मोठ्यांच्या बॅगासुद्धा टेकऑफला सीटखाली नाहीतर वरच्या कप्प्यात बंद कराव्या लागतात आणि बाळ तेवढं मोकळं, हे मला अजूनही पटत नाही.

ज्या अपघातामुळे ही चर्चा सुरू झाली तो १९ जुलै १९८९ चा. युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ चं, डीसी-१० विमानाचं, शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक लाइन्स तोडल्या, म्हणजे विमान वळवायचं साधनच गेलं. पायलट्सनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत ते आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणलं. विमानात मांडीवरची चार मुलं होती. जॅन ब्राउन या मुख्य फ्लाइट अटेंडंटनी तेव्हाच्या मॅन्युअलप्रमाणे आईबापांना सांगितलं की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा, आजूबाजूला उशा-ब्लँकेट्स लावा आणि धरून ठेवा. विमान धावपट्टीवर तुटलं, उलटं झालं, मक्याच्या शेतात गेलं. सगळ्या आईबापांना मुलं धरून ठेवता आली नाहीत. एक तान्ही मुलगी वरच्या सामानाच्या कप्प्यात फेकली गेली होती, तिचं रडणं ऐकून एक प्रवासी धुरात परत आत गेला आणि तिला बाहेर घेऊन आला. दोन वर्षांच्या आतला एक मुलगा मात्र गेला. त्याची आई जळत्या विमानाकडे परत निघाली होती, ब्राउन यांनी तिला अडवलं, आणि ती त्यांना म्हणाली की तुम्हीच मला त्याला खाली ठेवायला सांगितलंत. जॅन ब्राउन पुढे कित्येक वर्षं वॉशिंग्टनमध्ये जाऊन एकच मागणी करत राहिल्या, प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा.

अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी हेच १९९० पासून सांगतेय. विमान वाहतुकीचे नियम करणारी एफएए पण म्हणते की बाळासाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मान्यताप्राप्त कार सीट, पण सक्ती करत नाही, २००५ मध्येही नाही म्हणाली. का, तर सक्ती केली की जास्तीच्या तिकिटामुळे काही कुटुंबं विमान सोडून गाडीने जातील आणि रस्त्यावर मुलं जास्त दगावतील. हा तर्क हवेतला नाही. २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासाचा अंदाज होता की सक्तीमुळे वर्षाला सरासरी ०.४ मृत्यू टळतील, आणि साधारण ५ ते १० टक्के कुटुंबं जरी रस्त्याकडे वळली तरी हा फायदा संपेल. आकडे मला मान्य आहेत. पण हे गणित अख्ख्या देशासाठी नियम करणाऱ्याचं आहे, ज्याचं तिकीट बुक झालंय त्याचं नाही. आणि न्यूजर्सीहून मुंबईला गाडीने कोण येणारे? आपल्या प्रवासात रस्त्याचा पर्यायच नसतो, तेव्हा "एफएए सक्ती करत नाही म्हणजे गरज नसेल" असा अर्थ आपण तरी काढू नये.

मग तो छोटा लूप बेल्ट, जो आईच्या बेल्टमध्ये अडकवून बाळाच्या पोटाभोवती लावतात? युरोपात आणि आपल्याकडच्या बऱ्याच फ्लाइट्समध्ये देतात, अमेरिकन एअरलाइन्सना मात्र टेकऑफ-लँडिंगला त्याची बंदी आहे. कारण धक्का बसला की मोठा माणूस कमरेतून पुढे दुमडतो, बाळ त्याच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं, आणि सगळा भार बाळाच्या पोटावरच्या त्या अरुंद पट्ट्यावर येतो. टर्ब्युलन्समध्ये बाळ छताकडे जाण्यापासून तो नक्की वाचवतो, त्यामुळे सीट घेतलीच नसेल आणि क्रू तो देत असेल तर लावा. बॅसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला लावतात तो पाळणा, ही फक्त झोपायची सोय आहे, टेकऑफ-लँडिंगला वापरत नाहीत आणि सीट बेल्टची खूण लागली की बाळाला बहुतेक वेळा उचलून घ्यावं लागतं.

आता निवडायचं कसं. विमानातल्या इकॉनॉमी सीटला फक्त कमरेचा बेल्ट असतो, खांद्यावरून येणारा पट्टा नाही, आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीत कार सीट थेट अडकवायचे, हूक नाहीत. त्यामुळे प्रश्न एकच विचारायचा, ही कार सीट नुसत्या कमरेच्या बेल्टने घट्ट बसते का? अमेरिकन सीट्सपैकी आतला पाच पट्ट्यांचा हार्नेस असलेल्या जवळपास सगळ्या बसतात, आणि त्यांच्या बाजूला लाल अक्षरात लिहिलेलं असतं की मोटार गाडी आणि विमान दोन्हीसाठी प्रमाणित आहे. ते लेबल निघायच्या आधी शोधून फोटो काढून ठेवा, गेटवर किंवा विमानात विचारतात आणि तेव्हा झोपलेल्या बाळाखाली वाकून शोधत बसणं नको. लेबल असेल आणि बाळाचं तिकीट असेल तर अमेरिकन एअरलाइन नाही म्हणू शकत नाही, फक्त कुठल्या रांगेत लावायची ते त्या सांगू शकतात. इमर्जन्सी एक्झिटची रांग आणि तिच्या पुढची-मागची रांग नाही, शक्यतो खिडकीची सीट, म्हणजे बाकीच्यांची बाहेर पडायची वाट अडत नाही.

बूस्टर विमानात चालत नाही. बूस्टरचं काम मुलाला उंच करून गाडीचा खांद्याचा पट्टा बरोबर जागी आणणं, आणि तो पट्टाच इथे नाही. तो बॅगेत टाका, उतरल्यावर गाडीत लागेल.

भारतात घेतलेल्या सीट्सचं थोडं वेगळं आहे. इथे बहुतेक सीट्सवर आर४४/०४ या युरोपियन सुरक्षा मानकाचं केशरी लेबल असतं, आणि त्यातल्या बऱ्याच, विशेषतः तान्ह्या बाळांच्या, तीन टोकांच्या बेल्टशिवाय लागतच नाहीत कारण खांद्याचा पट्टा पाठीमागून फिरवायचा असतो. दुकानात गोंडस दिसणारी सीट विमानात अशी अडते. काही युरोपियन सीट्सवर विमानासाठी वेगळी खूण असते, ती नसेल तर एअरलाइनला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मध्ये विमान बदलायचं असेल तर दुसऱ्या एअरलाइनलाही विचारा, नियम सारखे नसतात.

मागे तोंड की पुढे? एक वर्षाखालचं, साधारण नऊ-दहा किलोपर्यंतचं बाळ मागेच तोंड करून. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं, मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, समोरून धक्का बसला की तेवढं डोकं पुढे ओढलं जातं आणि मान ते सहन करू शकत नाही. उलटं बसवलं की तोच जोर पाठ, मान, डोकं अशा सगळ्या भागावर पसरतो. पुढच्या प्रवाशाला सीट मागे टाकता येणार नाही, तेवढं त्याला आधीच प्रेमाने सांगून ठेवायचं. वर्षापुढच्या मुलाला कन्व्हर्टिबल सीट, म्हणजे मागे-पुढे दोन्हीकडे तोंड करून लावता येणारी, बरी पडते. रुंदी १६ इंचांच्या आसपास असेल तर निर्धास्त, कारण इकॉनॉमीची सीट १७-१८ इंचांचीच असते.

केअर्स नावाचा एक हार्नेस मिळतो, एफएएने २००६ मध्ये मान्यता दिलेला, वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी. सीटच्या पाठीला एक पट्टा गुंडाळायचा आणि खांद्याचे दोन पट्टे कमरेच्या बेल्टमध्ये ओवायचे. तो १० ते २० किलो वजनाच्या आणि ४० इंचांपर्यंतच्या, स्वतः बसणाऱ्या मुलांसाठी, आणि फक्त विमानासाठी. गाडीत तो चालत नाही, म्हणून मुंबईत उतरून एक्सप्रेसवेने पुण्याला जायचं असेल तर नुसत्या केअर्सवर भागत नाही.

लावताना एक गोष्ट सगळ्यांनाच छळते. विमानाच्या बेल्टचं बकल मधोमध येतं, म्हणजे नेमकं मुलाच्या पाठीमागे कार सीटच्या प्लास्टिकच्या खाचेत, आणि ते उचलून उघडायचं असल्यामुळे उतरताना झाकण प्लास्टिकला अडतं आणि हलत नाही. बेल्ट ओढून घट्ट करायच्या आधी बकल अर्धं फिरवून झाकण विमानाच्या सीटच्या पाठीकडे करा, मग उचलायला जागा मिळते. विमानाच्या सीटची हात टेकवायची दांडी वर करा, गुडघा कार सीटमध्ये रोवून भार द्या आणि बेल्टचं मोकळं टोक ओढा. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर सीट इंचभरापेक्षा जास्त हलली नाही पाहिजे.

आणि ही अमेरिकन सीट भारतात गाडीत लावायची तर अजून एक भानगड आहे. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांचे मागचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढले की लॉक होतात, बेल्ट लॉक करता येण्याची सोय तिथे १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची आहे. आपल्याकडच्या गाड्यांचे बेल्ट सहसा फक्त झटका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल होत राहतात, आणि सीट डुगडुगते. म्हणून घेतानाच बिल्ट-इन लॉकऑफ, म्हणजे बेल्ट पकडून ठेवणारी पकड, असलेली सीट बघा किंवा बेल्ट सरकू न देणारी लॉकिंग क्लिप सोबत ठेवा. गाडीत आयसोफिक्सचे हूक असतील तर अमेरिकन लॅच, म्हणजे तिकडच्या कार सीटची तशीच अडकवायची सोय, त्यात लागतं, अंतर तेच असतं, फक्त सीटच्या मॅन्युअलमध्ये दिलेली वजनाची मर्यादा बघून घ्या.