बंदिस्त सापांची तहान व पचन

निसर्गातून उचलून पेटीत, बरणीत किंवा पिशवीत ठेवलेल्या सापाच्या अंगातले पाणी घटते आणि पाठोपाठ त्याचे पचन बिघडते. या दोन गोष्टी सहसा जोडीने येतात, म्हणून त्यांचा विचारही एकत्र करावा लागतो. अमेरिकेत याविषयी बरेच काम खुळखुळ्या सापांवर, म्हणजे रॅटलस्नेकवर झाले आहे. ठाणे आणि नवी मुंबईत रॅटलस्नेक नाही. इथे हाच प्रश्न घोणस, नाग, धामण, दिवड यांच्या बाबतीत पडतो. तोही संग्रहालयात नव्हे, तर सर्पमित्राच्या घरच्या कोपऱ्यात झाकणाला भोके पाडून ठेवलेल्या प्लास्टिकच्या बरणीत.

ठाण्याची एक बाजू येऊरच्या जंगलाला, पर्यायाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तर दुसरी खाडीला. नवी मुंबई पारसिक आणि खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसली. तिचे नियोजन करणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना 1970 ची. त्यानंतर भातखाचरे, खाजण आणि टेकड्यांच्या उतारांवर वसाहती उठल्या. सापांची वस्ती मात्र त्याआधीची. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की ते बाहेर पडतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली गोदामे, सोसायट्यांचे पंपघर, कचराकुंडीभोवतीचे उंदीर हे त्यांचे नेहमीचे ठिकाण. पकडलेला साप वनविभागाला कळवून लवकर सोडणे हा सरळ मार्ग. पण कुदळीचा घाव बसलेला, बागेच्या जाळीत अडकलेला, उंदरांसाठी लावलेल्या चिकट कागदावर चिकटलेला किंवा गारुड्याकडून जप्त केलेला साप लगेच सोडता येत नाही. तो काही दिवस, कधी काही आठवडे बंदिस्त राहतो, आणि खरी देखभाल इथून सुरू होते.

पाहायला आलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘याला खायला काय देता?’ पाणी कधी प्यायला, हे सहसा कोणी विचारत नाही. हा क्रम उलटा आहे. निरोगी मोठा साप उपाशीपोटी कित्येक आठवडे, काही जाती महिनोन्‌महिने तग धरतात. पाण्यावाचून तो त्याच्या कितीतरी आधी खचतो.

रॅटलस्नेकचे उदाहरण इथे उपयोगी पडते. क्रोटॅलस आणि सिस्ट्रुरस या दोन प्रजातींतले हे साप कॅनडाच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनापर्यंत आढळतात. एका जागी दबा धरून बसायचे आणि वाट पाहायची, ही त्यांची शिकारीची रीत. टिंबर रॅटलस्नेकसारखी जात निसर्गात वर्षाला जेमतेम 6 ते 20 वेळा खाते. वाळवंटी भागातले रॅटलस्नेक पाऊस आला की बिळाबाहेर येतात, वेटोळे चपटे पसरवतात आणि स्वतःच्या पाठीवर साचलेले थेंब पितात. पाणी अंगावर झेलून पिणारा हा प्राणी उंदराच्या अंगातल्या पाण्यावर भागवत असेल, असा समज पुष्कळ काळ होता. उंदराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणीच असते, त्यामुळे तो तर्क पटण्यासारखाही होता. वेस्टर्न डायमंडबॅक या जातीवरच्या प्रयोगांनी तो खोटा ठरवला. तहानलेल्या सापांना उंदीर खाऊ घातले, तरी त्यांच्या रक्तातली पाण्याची तूट भरून निघाली नाही. भक्ष्यातून मिळालेले पाणी पचनात, उत्सर्जनात आणि वाढलेल्या श्वासोच्छ्वासात खर्च होते. सुकलेल्या सापाला उंदीर देणे म्हणजे पाणी देणे नव्हे. उलट त्याच्यावर आणखी एक काम लादणे होय.

सापाला मूत्राशय नसते. प्रथिनांच्या पचनातून उरलेला नत्रयुक्त कचरा तो यूरिक अम्लाच्या रूपात, चुन्यासारख्या पांढऱ्या लगद्याने बाहेर टाकतो. पाणी वाचवण्याची ही उत्तम सोय. पण शरीर फारच सुकले तर हेच यूरिक अम्ल मूत्रपिंडात, हृदयाच्या आवरणावर आणि इतर अवयवांवर साचते. माणसातला संधिवाताचा एक प्रकार ज्या पदार्थामुळे होतो, तोच इथे आतडीकाळजापर्यंत पोचतो. हा टप्पा गाठलेला साप बहुधा वाचत नाही, म्हणून लक्षणे आधी ओळखावी लागतात.

सर्वांत सहज दिसणारी खूण कातडीची. अंगाच्या दोन्ही बाजूंनी लांबट घड्या पडतात, कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू बसते. घोणशीत हे उशिरा कळते, कारण ती मुळातच जाडजूड. धामणीत कणा वर आलेला आधी दिसतो. डोळ्यांवरची काच, म्हणजे पारदर्शक खवला, आत खचल्यासारखी होते. तोंडातली लाळ दोऱ्यासारखी तार धरते. कात अखंड निघण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरच्या टोप्या आणि शेपटीच्या टोकावरचे कडे तसेच राहते. विष्ठेतला पांढरा भाग लगद्यासारखा न राहता खडूसारखा टणक आणि पिवळसर होतो. यांपैकी एकच खूण असेल तर घाई नको. दोन-तीन एकत्र दिसल्या तर दिवस मोजत बसू नये.

ठाण्याची हवा दमट आहे, मग साप सुकेल कसा, असे अनेकांना वाटते. हवा दमट असली तरी बरणी दमट असते असे नाही. पेटीवर लावलेला पिवळा बल्ब, वातानुकूलित खोली, मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेली पिशवी, जखमेतून झिरपणारे पाणी, यांतले कोणतेही एक कारण पुरते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेला साप तर तहानेने मरण्याआधी उष्णतेनेच मरतो. याच्या उलट चूकही होते. ओला कागद दिवसेंदिवस तसाच ठेवला की पोटाखालचे खवले कुजतात, त्यावर फोड येतात. पेटीत कोरडा वर्तमानपत्राचा कागद, न कलंडणारे जड भांडे आणि लपायला एक कोपरा, एवढे पुष्कळ असते.

भांडे ठेवले म्हणजे साप प्यायलाच, असेही नाही. झाडावर राहणाऱ्या जाती स्थिर पाणी ओळखत नाहीत असे वाटावे इतके त्याकडे दुर्लक्ष करतात. येऊरच्या पानांत हिरव्याशी हिरवा होऊन बसणारा चापडा हा त्याचा नमुना. नाक आणि डोळ्यांच्या मधल्या उष्णतासंवेदी खळग्यांमुळे तो रॅटलस्नेकच्याच उपकुळातला, म्हणजे अमेरिकी सापाचा ठाण्यातला जवळचा नातेवाईक. त्याच्यासाठी फांदीवर आणि अंगावर हलका फवारा मारावा. तो पानावरचे, प्रसंगी स्वतःच्या अंगावरचे थेंब पितो.

सौम्य निर्जलीकरणात कोमट, उथळ पाण्याची आंघोळ पुरते. पाणी सापाच्या जाडीच्या अर्ध्यापर्यंतच असावे, डोके सहज वर राहावे, आणि वीस-तीस मिनिटे कोणीतरी समोर बसून राहावे. थकलेला साप बोटभर पाण्यातही बुडतो. आंघोळीत साप बरेचदा पाणी पितो आणि तुंबलेली विष्ठाही टाकतो. तीव्र अवस्थेत पशुवैद्य कातडीखाली किंवा उदरपोकळीत द्रव देतात, नाहीतर नळीने थेट जठरात. त्याचे सर्वसाधारण प्रमाण दिवसाला दर किलो वजनामागे 10 ते 30 मिलिलिटर असे धरतात, म्हणून सापाचे वजन केल्याशिवाय सुई उचलू नये. विषारी सापाचे डोके त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत घेतात; हाताने जबडा धरून हे काम करणे हा धीटपणा नव्हे, अडाणीपणा आहे.

इथे दुधाचा विषय टाळता येत नाही. श्रावणात नागपंचमीच्या आसपास टोपलीतला नाग दूध ‘पितो’ आणि पाहणारे हात जोडतात. हा नाग आधी कित्येक दिवस, कधी आठवडे कोरडा ठेवलेला असतो. समोर येईल तो द्रव तो ओढून घेतो. सस्तन प्राण्याच्या दुधातली साखर पचवण्याची सापाच्या आतड्याची घडण नाही, त्यामुळे पोट बिघडते आणि होते-नव्हते ते पाणीही जाते. त्याहून वाईट म्हणजे सापाचे श्वासद्वार तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे असते. तोंड उघडून ओतलेले दूध फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. जप्त केलेल्या नागांचे तोंड शिवलेले, दात उपटलेले आणि जखमा पिकलेल्या असल्या की आंघोळ आणि द्रव हे उपचार जखमेच्या उपचाराबरोबरच सुरू करावे लागतात. भाविकांच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे हे ठिकाण नाही, पण त्या नागाची तहान खरी असते एवढे नोंदवायला हवे.

पाण्याचा तोल सावरला की मगच भक्ष्याचा विचार करावा. सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. साधारण 28 ते 32 अंश सेल्सिअस तापमानात ते सुरळीत होते; 20 अंशांच्या खाली जठरातला उंदीर पचण्याआधी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. ठाण्यात असे तापमान हिवाळ्यातल्या रात्रींपुरतेच असते, पण वातानुकूलित खोलीत ते वर्षभर असू शकते. पेटीचे एक टोक उबदार, दुसरे थोडे थंड ठेवले तर साप स्वतःच जागा निवडतो. खाल्ल्यानंतर दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. फोटोसाठी बाहेर काढलेला साप अर्धवट पचलेला उंदीर समोर टाकतो, आणि त्याबरोबर जठरातले अम्ल व पाणीही जाते.

सर्पमित्रांना ओकणे नवे नाही. नाग किंवा धामण पकडली की ती ताजे गिळलेले भक्ष्य टाकून हलकी होते आणि पळायला मोकळी होते. बरणीत बेडूक किंवा उंदीर पडलेला दिसणे ही रोजची गोष्ट. तो आजार नव्हे. पण पेटीत शांतपणे ठेवलेला साप दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओकत असेल तर कारण शोधावे लागते. उंदीर फार मोठा होता का, पेटी थंड होती का, अंगात पाणी कमी होते का, हे आधी पाहावे. ही तिन्ही कारणे नसतील आणि शरीराच्या मध्यभागी टणक फुगवटा लागत असेल, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संशय घ्यावा. तो जठराच्या भिंती जाड करतो, त्याची बीजे नेहमीच्या जंतुनाशकांना आणि ब्लीचिंगलाही दाद देत नाहीत, आणि तो एका पेटीतून दुसरीत हाताने, हुकाने, पाण्याच्या भांड्याने जातो. म्हणून नव्या सापाचे सामान वेगळे ठेवण्याचा नियम आहे. ओकलेल्या सापाला किमान दहा-पंधरा दिवस फक्त पाणी आणि ऊब द्यावी, नंतर नेहमीच्या अर्ध्याहून लहान भक्ष्य. बळजबरीने उंदीर घशात ढकलणे हा शेवटचा उपाय असायला हवा. अनुभव असा की तोच अनेकदा पहिला ठरतो.

बद्धकोष्ठाबाबत घोणस माणसाला फसवते. जाड अंगाचे वायपर कुळातले साप विष्ठा फार काळ धरून ठेवतात. आफ्रिकेतल्या गॅबून वायपरने ती 400 दिवसांहून अधिक धरून ठेवल्याची नोंद आहे. दबा धरून झडप घालणाऱ्या सापाला शरीराच्या मागच्या भागातले ते वजन जमिनीशी नांगरासारखे उपयोगी पडत असावे, असा तर्क मांडला जातो. तेव्हा महिनाभर विष्ठा न टाकलेली घोणस आजारीच आहे असे नाही. फुगवटा टणक होत गेला, साप मागचा भाग सरळ ताणू लागला किंवा अवस्कराची, म्हणजे विष्ठा बाहेर पडण्याच्या द्वाराची, कड सुजली, तर मात्र आंघोळ आणि पशुवैद्य दोन्ही हवेत. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, पण शहरातल्या खासगी दवाखान्यांत कुत्र्या-मांजरांची सवय असलेला डॉक्टर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार ऐकून मागे सरकला तर त्याला दोष देता येत नाही.

फुगलेल्या पोटाचा आणखी एक अर्थ असतो. घोणस अंडी न घालता पिल्ले देते, एका वेळी बहुधा 20 ते 40, आणि तो काळ आपल्याकडे मे-जुलैच्या आसपासचा. ‘उंदीर गिळलेली’ म्हणून आणलेल्या मादीच्या बरणीत सकाळी पिल्लांचा गुंता दिसण्याचे प्रसंग येतात. पिल्ले जन्मापासून विषारी असतात आणि इतक्या लहान अंगातून पाणी फार झपाट्याने उडते. त्यांना खाऊ घालण्याचा खटाटोप न करता ओलसर कापडाच्या तुकड्यासह ठेवून त्याच दिवशी वनविभागाच्या सल्ल्याने सोडावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार साप पकडणे हेही ‘शिकार’ या व्याख्येत येते, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस व धामण पहिल्या अनुसूचीत आहेत. उपचारासाठी ठेवलेला साप पाळलेला साप होऊ नये, ही रेषा त्यामुळे कायद्यानेच आखलेली आहे. राज्य वनविभागाचा मदत क्रमांक 1926. चोरट्या मार्गाने आणलेला रॅटलस्नेक घरात ठेवण्याची हौस कुणाला असेल, तर आणखी एक गोष्ट आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनवलेले असते. रॅटलस्नेकच्या दंशावर ते बनलेले नाही, आणि खारघरच्या अठराव्या मजल्यावरून ज्या रुग्णालयात धावत जायचे तिथल्या कपाटात तेवढेच असते.

बरा झालेला साप सोडताना आदल्या आठवड्यात भक्ष्य देऊ नये. भरल्या पोटी प्रवास झाला तर तो ओकतो, आणि अनोळखी जागी लपण्याआधीच थकतो. पाणी मात्र निघण्यापूर्वी पाजावे. संध्याकाळी, सापडलेल्या जागेच्या जवळच, झाडोरा आणि ओल असलेल्या ठिकाणी पिशवीचे तोंड आडवे उघडून मागे व्हावे. बहुतेक साप लगेच निघतात. काही तोंड बाहेर काढून तसेच थांबतात, जिभेने हवा चाचपतात; त्यांना ढकलू नये.